मदत हवी आहे: पापण्या आणि भुवयांच्या ऑपरेशननंतर रात्री डोळे पूर्ण मिटत नाहीत (सांगली)

वारणेची_लेक
सासूबाईंचं (वय 61) सोमवारी मिरजेत ऑपरेशन झालं. वरच्या दोन्ही पापण्यांची ब्लेफरोप्लास्टी (लोंबणारी जादा कातडी काढणं) केली, आणि भुवया खाली उतरल्या होत्या म्हणून भुवईच्या वरच्या कडेला छेद घेऊन त्याही उचलल्या. आज शुक्रवार. टाके येत्या सोमवारी काढायचे आहेत. शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. फिजिशियनने दिलेली 75 ची अॅस्पिरिन ऑपरेशनआधी बंद करायला सांगितली होती, ती अजून बंदच आहे.

बुधवारी सूज सगळ्यात जास्त होती, आता उतरतेय. पण काळंनिळं गालापर्यंत आलंय. खरी काळजी अशी की झोपेत डोळ्यांत फट राहते आणि सकाळी उठल्यावर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, थोडं धुरकटही दिसतं. डिस्चार्जच्या कागदावर 'थंड शेक, थेंब, मलम' एवढंच आहे. शेजारच्या काकू हळद-तूप लावा म्हणून मागे लागल्यात. आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे, तिथे त्या कधी बसू शकतील? आणि 3 आठवड्यांनी घरात लग्न आहे.

ओटीतली_ताई
फटीचं आधी बघू, बाकीचं थांबू शकतं.

पापणीची जादा कातडी काढली आणि त्याच वेळी भुवईही वर घेतली की पापणीला दोन्हीकडून ताण बसतो. त्यात सूज, आणि डोळा मिटणारा स्नायू काही दिवस सुस्त. म्हणून सुरुवातीला मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट राहणं नेहमीचं आहे. सूज उतरली, कातडी सैलावली की बहुतेकांची ती दोन-तीन आठवड्यांत भरून येते. पण तोवर बुबुळ कोरडं पडू द्यायचं नाही. सकाळची वाळू आणि धुरकटपणा हा त्या कोरडेपणाचाच प्रकार.

आज रात्री त्या गाढ झोपल्या की मोबाइलची बॅटरी भिंतीवर मारा, तोंडावर नको, आणि फटीतून काय दिसतं ते जवळून बघा. नुसतं पांढरं दिसत असेल तर झोपेत बुबुळ वर जातंय, म्हणजे निसर्गाचं संरक्षण चालू आहे. काळ्याचा भाग उघडा दिसत असेल तर उद्या सकाळीच सर्जनला फोन करा, सोमवारची वाट बघू नका. पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात स्लिट लॅम्पवर (डोळे मोठे करून बघायचं डॉक्टरांचं यंत्र) तपासलं की बुबुळावर ओरखडा आहे का ते दोन मिनिटांत कळतं.

छताचा पंखा आणि कूलर थेट तोंडावर नको. पंखा लागणारच असेल तर खाट खोलीच्या कडेला सरकवा.

आणि डोळ्यावर कापूस ठेवून पट्टी बांधायची नाही. पट्टीखाली डोळा उघडतो आणि कापूस बुबुळाला घासतो, म्हणजे कोरड्यापेक्षा वाईट. चिकटपट्टीने पापणी बंद करण्याचा प्रकारही डॉक्टरांनी समोर करून दाखवल्याशिवाय नको, टाके ओढले जातात.

चष्मेघर
थेंबांबद्दल थोडं. दिवसा कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज 0.5 टक्केचे कृत्रिम अश्रू, डॉक्टरांना विचारून दर दोन-तीन तासांनी. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा टाकायचे असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मागा, नाहीतर त्या प्रिझर्वेटिव्हनेच डोळा चुरचुरतो. संध्याकाळी 1 टक्क्याचं जेल, आणि झोपताना मलम.

क्रम चुकतो तो इथे: आधी थेंब, पाच-दहा मिनिटं थांबा, मग मलम. उलटं केलं तर मलमाच्या तेलकट थरावरून थेंब घरंगळून गालावर येतो आणि डोळ्याला काही मिळत नाही. नळीचं तोंड पापणीला टेकू देऊ नका. मलमानंतर अर्धा तास धूसर दिसणार, त्यामुळे रात्री बाथरूमला जाताना लाइट लावा आणि सोबत राहा.

वारणेची_लेक
बघितलं, उजव्या डोळ्यात फट जास्त आहे, पण दिसतं ते पांढरंच. जेल आणलं. एक शंका: आधीच्या थेंबांच्या बाटलीवर मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन लिहिलंय. संपत आलीय. तेच मेडिकलमधून परत आणू का?

चष्मेघर
नको. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. ठरलेल्या दिवसांपुरतं ठीक, पण लांबवलं तर काहींच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि ते वाढल्याचं पेशंटला अजिबात जाणवत नाही. जखम भरायलाही वेळ लागतो आणि जंतुसंसर्ग झाकला जातो. कागदावर किती दिवस लिहिलंय ते बघा, नसेल तर फोन करून विचारा. मेडिकलवाला बाटली बघून देईलही, तरी घेऊ नका. कृत्रिम अश्रू मात्र चालू ठेवा.

ओटीतली_ताई
आता सूज आणि रंग. रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, म्हणून पापणीतलं काळंनिळं गालावर येतं. निळ्याचं हिरवट, मग पिवळं होत 10 ते 14 दिवसांत जातं. सकाळी सूज जास्त आणि संध्याकाळी कमी, हेही बरोबर. रात्री पाठीवरच झोपायचं, डोकं 30 ते 45 अंश वर. उशा नुसत्या मानेखाली कोंबल्या तर मान वाकडी होते, खांद्यापासून चढ करा. लोणचं, पापड, खारवलेली मिरची पंधरा दिवस बाजूला. मिठाने सकाळची सूज हमखास वाढते.

थंड शेकाचा मुख्य उपयोग पहिले 48 तास, तो काळ गेला. आता बरं वाटत असेल तर दिवसातून तीन-चारदा 10 मिनिटं, पातळ स्वच्छ कापडातून, बर्फ थेट कातडीला नको.

बेदाणा
तिसऱ्या दिवसानंतर कोमट शेक चांगला ना? काळंनिळं लवकर जातं.

ओटीतली_ताई
काही सर्जन सांगतात, आणि त्यांच्या सर्जनने सांगितला तर जरूर द्यावा. पण इथे पापणी आणि कपाळ बधिर आहे, वर शुगर. बधिर कातडीला चटका बसलेला कळत नाही. म्हणून शेक देणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर तपासूनच द्यायचा, पेशंटला 'गरम लागतंय का' विचारून उपयोग नाही.

बधिरपणाचं सांगायचं राहिलं. भुवईच्या वर, डोक्याकडे मुंग्या, खाज, बधिरपणा काही आठवडे ते काही महिने राहू शकतो. संवेदना परत येताना खाज वाढते, तेव्हा नखं लागणार नाहीत एवढं बघा. एका बाजूची भुवई वर उचलता येत नसेल तर मात्र सोमवारी आवर्जून दाखवा.

आता धोक्याचं. एका डोळ्याची पापणी अचानक दगडासारखी घट्ट, डोळा पुढे आल्यासारखा, पॅरासिटामॉलने न थांबणारं दुखणं, नजर अंधुक किंवा एकाचे दोन दिसणं: डोळ्यामागे रक्तस्राव होत असू शकतो. बहुतेक वेळा हे पहिल्या 24 तासांत होतं, पण बीपी चढलं, उलटी झाली किंवा जोर केला तर नंतरही होतं. मागे साठलेल्या रक्ताच्या दाबाने नजर कायमची जाऊ शकते आणि दाब मोकळा करायला तास-दीड तासच हाताशी असतो. सर्जनला फोन लावत लावतच मिरजेला निघा, सकाळपर्यंत थांबू नका. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक डोळा हाताने न दाबता झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचून घ्या, फरक पडला तर लगेच कळेल. सकाळचा धुरकटपणा थेंब टाकून चार-दोनदा मिचकावल्यावर जातो, रक्तस्रावाचा अंधुकपणा जात नाही.

लाली आणि गरमपणा पसरत जाणं, पू, ताप ही जंतुसंसर्गाची लक्षणं, शुगरवाल्यांत वेगाने वाढतात. बीपीची गोळी एकही चुकवू नका. जोर होऊ नये म्हणून रात्री इसबगोल दोन चमचे, पेलाभर पाण्यातून. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून शिंकायचं. दुखलं तर पॅरासिटामॉल 650, सहा तासांचं अंतर ठेवून, 24 तासांत चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनाने नको.

अॅस्पिरिन परत कधी, हे सर्जन आणि फिजिशियन दोघांनी बोलून ठरवायचं. आजच फोन करा. अशी गोळी नुसती विसरून बंद राहणं हृदयासाठी वाईट.

बेदाणा
हळद-तुपाचं मी सांगतो, कारण सांगलीत हळदीविरुद्ध बोलायला जरा धाडस लागतं. घरची हळद निर्जंतुक नसते हे एक. दुसरं, पिवळ्या लेपाखाली लाली दिसत नाही, म्हणजे जखम चिघळली तरी दोन दिवस कळणार नाही. आणि तूप ओघळून डोळ्यात जातं. काकूंना म्हणावं दुधात घालून द्या.

अडतीचं म्हणाल तर सौदे चालू असताना पोती ओततात तेव्हा जी धूळ उडते, ती मलम लावलेल्या ओल्या टाक्यांवर बसली की निघत नाही. टाके काढल्यावर किमान आठवडा तिकडे नको, नंतरही बंद बाजूंचा गॉगल लावून आतल्या केबिनमध्ये. गल्ल्यावर बसायला हरकत नाही, पोत्याला हात लावायचा नाही. 5 किलोच्या वर उचलणं आणि कमरेत वाकून काम करणं दोन-तीन आठवडे बंद. द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी चालू असेल तर त्या रस्त्यानेही नको.

वारणेची_लेक
टाक्यांवर खपली धरलीय, काळी आणि कडक. ती तशीच ठेवायची का? आणि लग्नाचं कुणी सांगेल का?

ओटीतली_ताई
ओढून काढायची नाही. निर्जंतुक सलाइनमध्ये कापसाची काडी भिजवून खपलीवर मिनिटभर टेकवा, मग काडी गोल फिरवत सरकवा. मलमाचा पातळ थर दिलात की परत कडक होत नाही. हे सोमवारपर्यंत केलंत तर टाके काढताना दुखणार नाही, कारण दोरा खपलीत अडकला की तो ओढावा लागतो. टाके पुढे ढकलू नका. सहसा 5 ते 7 दिवसांत काढतात. जास्त राहिले तर दोऱ्याच्या वाटेने कातडी आत वाढते आणि बारीक पांढऱ्या पुळ्या राहतात. अंघोळ गळ्याखालून. केस धुवायचे तर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, पार्लरसारखं डोकं मागे टेकवून, दुसऱ्याने.

लग्नापर्यंत काळंनिळं गेलेलं असेल. भुवईवरची रेघ मात्र लालसरच राहणार, ती फिकट व्हायला 6 महिने ते वर्ष लागतं. उन्हात गेलं तर आपल्या रंगाच्या कातडीवर ती काळपट होते, म्हणून गॉगल आणि छत्री. काजळ आणि आयलायनर टाके काढल्यावर दोन आठवड्यांनी, जखम पूर्ण मिटली असेल तरच, आणि डबी नवी घ्या. गालावर फाउंडेशन चालेल, रेघेवर नको. भुवया कोरणं दोन महिने नाही. केसांचा कलप महिनाभर नाही.

चष्मेघर
हळदी-कुंकवाच्या वेळी कोरडं कुंकू लावू देऊ नका, भुकटी थेट फटीतून डोळ्यात जाते. टिकली लावा, दोन भुवयांच्या मधोमध, रेघेपासून लांब. काढताना ओढायची नाही, कडा ओली करून सोलायची.