लांब पानांची कोथिंबीर सुपारीच्या सावलीत लावावी का?

नंदगडचा शेतकरी:
नमस्कार मंडळी. भाऊ फौजेत आहे, मणिपुरातून रजेवर येताना त्यानं एका पुडीत बी आणलं. धुळीइतकं बारीक. वाफ्यात टाकलं, उगवायला महिना गेला. आता जमिनीलगत लांब, दातेरी पानं पसरलीत आणि चुरगळली की कोथिंबिरीचा वास येतो. पण मे लागल्यापासून मधून ताठ दांडा निघालाय आणि त्यावर काटेच काटे. आई म्हणते तण आहे, उपटून टाक. कुणाला माहीत आहे का? सुपारीत लावून गोव्याला जाणाऱ्या भाजीच्या गाडीत घालता येईल का?

जांबोटीची मावशी:
दादा, उपटू नका! ही तण नाही, लांब पानांची कोथिंबीर आहे. हिचं शास्त्रीय नाव एरिंजियम फीटिडम. मूळची मेक्सिको, वेस्ट इंडीज, दक्षिण अमेरिकेकडची. ईशान्य भारतात, अंदमानात, केरळात लोक परसात लावतात. व्हिएतनामात तर नूडल्सच्या रश्श्यावर हीच पानं घालतात. गाजर, जिरं, ओवा, बडीशेप यांच्याच कुळातली आहे. त्यांची फुलं छत्रीसारखी पसरतात, हिची मात्र घट्ट हिरवट बोंडं होतात आणि त्यांच्या बुडाशी काटेरी पानं. म्हणून नातं पटत नाही, आईंचंही काही चुकलं नाही.

तुम्हाला दिसतोय तो फुलाचा दांडा. दिवस मोठा झाला की ही फुलावर येते, आणि उन्हात असली तर आणखी लवकर. एकदा फुलली की पानं बारकी आणि निबर होतात. म्हणून दांडा वर येताच विळ्यानं बुडातून कापा, पुन्हा आला की पुन्हा कापा. बियांसाठी दोन-चार झाडं ठेवा, बाकी सगळी कापाच. बोंडं पिकून बी सांडलं की सगळ्या बागेत हीच दिसेल, मग आईंचं म्हणणं खरं होईल.

सुपारी तर हिच्यासाठी अगदी योग्य. सावलीत पानं रुंद, कोवळी होतात आणि फुलणं लांबतं. आमच्याकडे केळीखाली आहे. ओल कायम हवी, पण पाणी तुंबलेलं चालत नाही, म्हणून आपल्या पावसात गादीवाफा उंच करा. शेणखत भरपूर घाला. बी मातीत खोल पुरू नका, वर नुसतं भुरभुरा आणि बारीक खत चाळून टाका. उगवायला वेळ लागतोच, त्यात बी ताजंच घ्या. रोपं चार-पाच पानांची झाली की वीतभर अंतरावर लावा. काढताना बाहेरची पानं तोडा, मधला कोंब राखा, म्हणजे तीच झाडं पुन्हा पुन्हा पानं देतात.

मला हिची एवढी माया का, तर आषाढात आपल्या भागात साधी कोथिंबीर वाफ्यातच कुजते आणि बाजारात जुडीला हात लावायची सोय राहत नाही. तेव्हा ही केळीखाली हिरवीगार असते.

शहापूरची खानावळ:
वापराबद्दल सांगतो. वास साध्या कोथिंबिरीपेक्षा तिखट, त्यामुळे जिथं मूठभर घालता तिथं दोन-तीन पानं पुरे. शिजवली तरी वास जात नाही, म्हणून मटणाच्या रश्श्यात, माशाच्या कालवणात उकळतानाच घाला. वर भुरभुरायला मात्र साधीच बरी, हिची पानं जाड लागतात. सावलीत वाळवून ठेवली तरी वास बऱ्यापैकी राहतो.

नंदगडचा शेतकरी:
मावशी, आभार. दांडे आजच कापतो. गोव्याचं काय करू?

जांबोटीची मावशी:
गाडीत नुसतं टाकून देऊ नका. ज्याला ओळख नाही तो व्यापारी पाला म्हणून कवडीमोलानं घेईल, आणि तुमचं मन खट्टू होईल. पणजी-मडगावात ईशान्येकडचं किंवा थाई जेवण करणारी हॉटेलं असतील, तिथं आधी पेंढी नेऊन दाखवा, त्यांना आठवड्याला किती लागते ते विचारा, मगच वाफे वाढवा. भाताची जमीन यासाठी मोडू नका. सुपारीखाली रिकामी राहते तेवढीच सध्या भरा. आणि बी पिकलं की मला थोडं पाठवा, इकडच्या बायकांना हवंय.