सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) संपायला चार महिने राहिलेत, परत परीक्षा देऊ का क्रेडिट गोळा करू?

विश्रामबाग_नेट:
नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क बघतो. सीसीएनएची तीन वर्षं संपत आलीत. तेव्हा 300 डॉलर आणि वर टॅक्स स्वतःच्या पगारातून भरलेला, आता परत तेवढे घालायचे म्हटलं की जिवावर येतंय. मायक्रोसॉफ्टचं एझेड-104 (अझ्युर क्लाउडचं सर्टिफिकेट) पण मागच्या वर्षी काढलंय. कुणी रिन्यू केलंय का, काय करावं?

मिरज_जंक्शन:
भावा तीच परीक्षा परत नको देऊस. 30 सीई क्रेडिट (कोर्स वगैरे करून मिळणारे गुण) जमले की परीक्षा न देता सीसीएनए तीन वर्षं पुढं जातंय, आणि सिस्को अधूनमधून क्रेडिट देणारे फुकट कोर्स काढतं त्यावर लक्ष ठेव. फक्त मुदत संपायच्या आत जमले पाहिजेत. पुढं सीसीएनपी (सीसीएनएच्या वरचं सर्टिफिकेट) करायचंच असेल तर त्याची मुख्य परीक्षा एनकोर दे, फी 400 डॉलर आहे पण त्यात सीसीएनए पण रिन्यू होतं. नोकरी सांभाळून चार महिन्यांत एनकोर म्हणजे अवघड आहे, मला आठ लागले.

कृष्णाकाठ:
दादा एझेड-104 आधी बघा. ते एकाच वर्षाचं असतं, शेवटच्या सहा महिन्यांत मायक्रोसॉफ्ट लर्नवर घरबसल्या ऑनलाइन रिन्यू होतं, एक रुपया लागत नाही, नापास झालं तरी परत देता येतं. पण तारीख गेली की मूळ परीक्षा पैसे भरून पहिल्यापासून. माझं असंच गेलं, मी सर्टिफिकेट जुन्या कंपनीच्या मेल आयडीवर काढलेलं, नोकरी सोडली आणि आठवणीचे मेल तिकडंच जात राहिले, मला कळलं तेव्हा महिना होऊन गेलेला. फार वाईट वाटलं, सहा महिने पहाटे उठून अभ्यास केला होता ओ. आजच स्वतःचा मेल जोडून घ्या.

कराड_लिनक्स:
आणि परीक्षा द्यायचीच झाली तर घरून देऊ नका, आमच्याकडं ऐन वेळी लाइट गेली, राउटर बंद, परीक्षा अर्धवट. पुण्याला सेंटरवर जाऊन द्या. ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव सारखंच पाहिजे. डंप (परीक्षेतले चोरलेले प्रश्न) विकणाऱ्यांच्या नादाला तर अजिबात लागू नका, सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि बंदी येते ती वेगळीच.

विश्रामबाग_नेट:
कृष्णाकाठ ताई/दादा, लॉगिन करून बघितलं, एझेडला 23 दिवसच उरलेत, आणि मेल कंपनीचाच आहे! आधी तो बदलतो, रात्री जेवण झालं की रिन्यूला बसतो. लय आभार.