रात्री मिटता न आलेलं पुस्तक : तुमचे अनुभव लिहा

आजोळची
परवा माळा साफ करताना भयकथाकार नारायण धारपांची एक कादंबरी सापडली. पुठ्ठा सुटलेला, आत मामाच्या गावच्या वाचनालयाचा शिक्का आणि परतीची तारीख १२ मे १९९१. म्हणजे आम्ही ती परत केलीच नाही. दंड मोजायची हिंमत होत नाहीये.

त्या मे महिन्यात मी तेरा वर्षांची होते. धारपांच्या समर्थांच्या (वाईट शक्तींशी लढणारा त्यांचा नायक) गोष्टी वाचताना एक आधार असायचा, की कितीही वाईट वेळ आली तरी समर्थ आहेत. ही कादंबरी समर्थांची नव्हती. वाचवायला कोणी येईल याची काही खात्री नव्हती. त्यात संध्याकाळी लाइट गेलेले आणि संडास परसाच्या पार टोकाला, फणसापलीकडे. सहा वर्षांच्या मामेभावाला सोबत नेण्यासाठी मी खेपेला एक पेप्सीकोला कबूल केला. सुट्टी संपेपर्यंत त्याचे अकरा झाले होते. तो अजून हिशेब काढतो.

रहस्य, भय, विज्ञान, थरार, काहीही चालेल. फक्त परीक्षण नको आणि कथानक तर नकोच. पुस्तक हातात असताना तुमचं काय झालं, ते सांगा.

लालबागचा जुना
मी ७६ वर्षांचा. आमच्या वेळी बाबूराव अर्नाळकर, यादी संपली. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, आणि वडिलांच्या मते त्यातली एकही घरात येता कामा नये.

वाचनालयवाला दिवसाला दहा पैसे घ्यायचा. आम्ही पाच मित्र, प्रत्येकी दोन पैसे. चोवीस तासांत पाच जणांनी वाचून व्हायला हवं. पहिली पाळी माझी, पहाटे चारची, कारण चारला चाळीत पाणी यायचं आणि बादल्या लावायला मी तसाही उठायचो. धारेच्या आवाजावरून बादली किती भरली ते कळतं, मान वर करावी लागत नाही. एकदा काळा पहाड असा काही पेचात सापडला की आवाज ऐकूच आला नाही. गॅलरीभर पाणी, आणि पुस्तक माझ्या हातातून त्यात. शेगडीवर धरून वाळवलं तर शेवटची पानं चिकटून एक वडी झाली. शेवट फक्त मी वाचलेला. उरलेल्या चौघांना तोंडी सांगितला, पण त्यांचा विश्वास बसला नाही. त्यातला एकजण अजून फोनवर विचारतो, "खरं सांग, शेवटी काय झालं?" आता मलाच आठवत नाही.

पेठेतला
सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद वाचा, मंदार पटवर्धन वाचा, आणि मगच 'दुनियादारी'कडे वळा. लोक सुशिंना उलटीकडून सुरुवात करतात ते बघवत नाही.

टोकदार पेन्सिल
आमच्या वाचनालयात कोणीतरी रहस्यकथांच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचं. बारीक, सुबक अक्षर. सलग तीन पुस्तकांत नाव बरोबर निघालं. आम्ही इतके चिडलो की ग्रंथपालबाईंकडे लेखी तक्रार केली. चौथ्या पुस्तकात लिहिलं होतं, 'डॉक्टर'. मी डॉक्टरवर डोळा ठेवून वाचत गेलो. तो हात धुतो, मला संशय. तो चहा नको म्हणतो, मला संशय. पान ९० वर डॉक्टरचाच मुडदा पडला. लेखकाने चकवलं ते ठीक आहे, त्याचं कामच ते. पण पेन्सिलीने चकवलं!

(माझं टोपणनाव बघून शंका घेऊ नका. तो मी नव्हेच.)

गणित-भूमिती
मुलगा सीबीएसईला, अकरावीत. म्हणाला, "बाबा, इंग्रजीच्या धड्यात पुण्याचे कोणी प्रोफेसर गायतोंडे आहेत." मी ताडकन उठलो. अरे, ही तर नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'! पानिपतावर विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी त्यांना न लागता कानाजवळून जाते आणि तिथून पुढचा हिंदुस्थानच वेगळा होतो. इंग्रजी धड्यातही 'तीळ' हा शब्द तसाच ठेवलाय, की तिळाचा फरक पडता तर प्राण गेले असते. मुलाने विचारलं, तीळ म्हणजे किती? मी डब्यातला एक तीळ चिमटीत धरून त्याच्या कानाशी नेला. त्याने आरशात बघितलं. "एवढंच?"

मग १७६१ मध्ये आपण जिंकलो असतो तर बोरघाटात रेल्वे कोणी टाकली असती, यावर जेवण गार होईपर्यंत वाद. धड्याखालचे प्रश्न राहिले ते राहिलेच.

ओवा
नारळीकर निघालेच आहेत तर हेही घ्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आद्याक्षरं उलटीकडून वाचा: जयंत विष्णू नारळीकर. पहिलं बक्षीस मिळालं. थोडक्यात, तिथेही पहिल्याच पानावर नाव लिहून दिलेलं होतं, पेन्सिलवाले!

बर्फातला बाबू
बॉस्टन. इथल्या लायब्ररीतून स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आणली. चाळीसेक पानं झाली आणि वाटलं, हे आपण आधी वाचलंय. पण कुठे? १९७५ चं पुस्तक, मी पहिल्यांदाच हातात घेतलेलं. रात्री भांडी घासताना आठवलं, 'लुचाई'! धारपांची ती कादंबरी याच गोष्टीवर बेतलेली. आधी चक्क फसवल्यासारखं वाटलं, कॉलेजातल्या इतक्या रात्री मी त्या पुस्तकावर उधळल्या होत्या.

पण गंमत बघा. किंगचं गाव मेन राज्यात, म्हणजे माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर. तरी मी दिवा घालवून शांत झोपलो. धारपांचं गाव मात्र मला कायम आमच्या एसटीच्या फाट्यावरून आत गेल्यावर लागायचं. तिथे कंडक्टर कोणाला उतरवतो आणि कोणाला नाही, हे मी अजून बघतो.

सुखान्त
मी शेवटचं पान आधी वाचते. हो, रहस्यकथेचंसुद्धा. कोण जगणार ते कळलं की मग जीव लावायला बरं पडतं. झोडा आता.

पेठेतला
@सुखान्त, तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय.

रातपाळी
मी सिस्टर आहे, सर्जिकल वॉर्डला. नाइटला रॉबिन कुकच्या 'कोमा'चा अनुवाद घेऊन गेले, ही माझी चूक. साध्या ऑपरेशनला आलेली धडधाकट माणसं त्यात शुद्धीवरच येत नाहीत. आणि माझ्यासमोर त्याच दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका, छान घोरत पडलेले. घोरणं थांबलं की माझ्या पोटात गोळा. "काका, डोळे उघडा. नाव सांगा. गाव सांगा." रात्रीतून पाच वेळा. ऑक्सिजनची त्यांना गरज नव्हती, तरी सिलिंडरचं लेबल दोनदा वाचून आले. सकाळी राउंडला काकांनी डॉक्टरांना सांगितलं, "टाके दुखत नाहीत, पण या बाईंनी माझी जनगणना केली." इन-चार्जनी चार्ट बघितला, पल्स दर पंधरा मिनिटांनी. म्हणाल्या, "एवढी कामसू कधीपासून झालीस?"

आजोळची
@रातपाळी, मग पुस्तक पुरं केलं की नाही?

रातपाळी
उरली पन्नास पानं आज. चादरींच्या गठ्ठ्याखाली ठेवलंय. बेड सहाला सलाइन बदलून येते.