कराटेचा सराव, मेहनत की अभ्यास?

टिळकवाडी, बेळगाव : कराटेच्या वर्गाच्या फलकासाठी आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांच्या 20 सूत्रांपैकी एक मराठीत करायचंय. कराटेचं 'श्युग्यो' (खडतर, मन लावून केलेलं शिक्षण) जन्मभराचं असतं, असा त्याचा अर्थ. 'सराव' लिहून पाहिलं, पण पटेना. सराव स्पर्धेपुरता, बक्षीस मिळालं की संपला. 'साधना' म्हटलं तर बारा वर्षांच्या पोरांना थेट हिमालय दिसतो. काय लिहू?

निपाणी : मेहनत लिहा की! तालमीत वस्ताद एवढंच विचारतात, "मेहनत झाली काय?" जोर, बैठका, सगळं त्यात आलं.

खानापूर : मेहनत घामापुरती झाली. श्युग्यो हा शब्द बौद्ध भिक्षूंच्या खडतर आचरणालाही लावतात. आणि कराटे शिकायच्या जागेला आपण 'दोजो' म्हणतो, तो शब्दही मुळात संस्कृत 'बोधिमंड'चा तर्जुमा, म्हणजे बुद्धाला बोध झाला ती जागा. हिमालय तेवढा लांब नाही, सर.

टिळकवाडी : हे ठाऊक नव्हतं. बरं, एक गंमत सांगतो. एका विद्यार्थिनीचे कन्नड वडील तिला दारातच बजावत होते, "दिनालू अभ्यास माडबेकु", म्हणजे रोज अभ्यास करायला हवा. मला वाटलं, शाळेच्या अभ्यासासाठी पोरीचा क्लास बंद करतायत. मी मध्ये पडलो. ते हसायला लागले. ते कराटेबद्दलच बोलत होते!

चिकोडी : कन्नडमध्ये अभ्यास म्हणजे सराव आणि सवयही. 'अभ्यास आगिदे' म्हणजे सवय झालीय. आमच्या शेजारच्या काकू मराठीत बोलताना "मला पहाटे उठायचा अभ्यास आहे" म्हणतात आणि आम्ही हसतो. खरं तर हसू आपल्यावरच यायला हवं. 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास' म्हणणारे तुकोबा काही पाठ्यपुस्तकाबद्दल बोलत नव्हते. शाळेनं हा शब्द गिळला. कन्नडनं मात्र जुना अर्थ जपला. पतंजलींच्या योगसूत्रात अभ्यास पक्का व्हायला तीन गोष्टी सांगितल्यात : दीर्घ काळ, खंड न पडणं आणि आदर. यात कराटेचं काय राहिलं? वर्गात शिरताना वाकून 'रेई' करतो तो आदरच. जपानीत रोजच्या तालमीला 'केइको' म्हणतात. त्याची अक्षरं सुटी केली तर 'जुन्याचा विचार करणं'. तीच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, हजारदा करताना दुसरं काय करतो आपण?

खानापूर : शिवाय काळ्या पट्ट्याची पहिली पायरी 'शोदान'. त्यातला 'शो' म्हणजे आरंभ. लोक तिथंच पेढे वाटून घरी बसतात.

निपाणी : सगळं खरं, पण 'कराटेचा अभ्यास' वाचून लोक म्हणतील, मास्तर पीएच.डी. करतायत.

टिळकवाडी : म्हणून 'रोज' जोडलं. 'कराटेचा अभ्यास : रोज, जन्मभर.' काल पेंटरला मजकूर दिला. त्यानं दोनदा वाचला आणि विचारलं, "सर, परीक्षा कधी?"