रेटिंगचा आलेख की चुकांची वही? हौशी खेळाडूने प्रगती कशी मोजावी?

तिरका_उंट (धागाकर्ता):
वय ४२, नोकरी, बुद्धिबळाला रोज जेमतेम एक तास. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर दोन वर्षं रॅपिड (कमी वेळाचे डाव) खेळतोय. पहिलं वर्षभर उठल्या उठल्या रेटिंगचा, म्हणजे जिंकलं-हरलं की वरखाली होणाऱ्या गुणांचा, आलेख बघायचो. ३० गुण घसरले की दिवसभर चिडचिड. मग आलेख बघणं सोडलं आणि शंभर पानी वही घातली. हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न लावता स्वतः तपासायचा आणि डाव कुठे फिरला ते एका ओळीत लिहायचं. पहिल्या साठ नोंदींत २३ वेळा एकच ओळ आली: "त्याने ही चाल का केली ते बघितलंच नाही." ओपनिंगमुळे, म्हणजे सुरुवातीच्या चालींमुळे, गेलेले डाव फक्त चार, आणि मी रात्री जागून सिसिलियन ओपनिंगचे व्हिडिओ बघत होतो! हौशी खेळाडूने चुकाच मोजाव्यात, रेटिंग नाही, असं माझं ठाम मत झालंय.

अडीच_घर:
पटलं नाही. वही तुम्हीच लिहिता, चूक कुठली तेही तुम्हीच ठरवता. रेटिंग मात्र समोरच्याला हरवून मिळवावं लागतं. ३० गुण म्हणजे पाच-सहा डाव, त्यावरून रोज जीव खालीवर करणं चूक. त्यात आकड्याचा काय दोष? तीन-तीन महिन्यांची सरासरी बघा. ती हलत नसेल तर प्रगती नाही, वही कितीही भरो.

प्यादं_ते_वजीर:
अडीच_घर, मी स्पर्धा खेळतो. १ मार्च २०२४ ला फिडेने (जागतिक बुद्धिबळ संघटनेने) २००० रेटिंगच्या खालच्या सगळ्यांना वाढ दिली: २००० ला जितके कमी, त्याच्या ४०%. माझं १३२० चं एका रात्रीत १५९२ झालं. त्या रात्री मी प्यादंसुद्धा हलवलं नव्हतं. शिवाय समोर १४५० ची मुलं बसतात आणि १८०० सारखी खेळतात. त्यांचा आकडा त्यांच्या खेळाच्या मागे धावत असतो. त्यांच्याशी बरोबरी झाली तरी माझे गुण जातात, आणि कित्येकदा तोच माझा सगळ्यात चांगला डाव असतो.

अडीच_घर:
ती वाढ एकदाच झालेली दुरुस्ती होती आणि २००० च्या आतल्या सगळ्यांनाच मिळाली. तुमचा क्रम कुठे बदलला? मुलांचा मुद्दा मान्य, पण तो स्पर्धांपुरता. धागाकर्त्याला थेट विचारतो: वहीनंतर रेटिंग किती वाढलं?

तिरका_उंट:
४५. फार नाही, कबूल. पण पुढच्या साठ नोंदींत ती ओळ नऊ वेळाच आली. आता पटावर हत्ती आणि प्यादीच उरतात त्या शेवटात हरतोय, ११ वेळा. एक प्यादं वर असताना हत्ती मागे बचावाला लावून बसतो आणि डाव सोडून देतो. आलेखाने हे मला कधी सांगितलं असतं?

अडीच_घर:
नसतं सांगितलं. पण त्या ११ नोंदी इंजिनशी ताडून बघितल्यात का? कदाचित डाव वीस चाली आधीच गेला असेल आणि तुम्ही शेवटाला दोष देत असाल. त्यातले पाच डाव इथे टाका.

तिरका_उंट:
नाही ताडलेले. रविवारी टाकतो, वहीतल्या ओळींसकट.