मदत हवी आहे : सव्वातीन वर्षांच्या मुलाच्या नोंदी कशा ठेवू?

जत तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. एक मुलगा सव्वातीन वर्षांचा. घरी कन्नड, इथे मराठी, त्यामुळे बोलत नाही याचं मला फारसं नवल नाही. पण तो बोटही दाखवत नाही, आणि बोट दाखवायला भाषा कशाला लागते? पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठापाशी नेतो, तोंडाकडे मात्र बघत नाही. नावाने हाक मारली तर वळत नाही. खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं की लगेच वळतो. कानांची तपासणी झाली आहे, ऐकू नीट येतं.

कन्नड येणाऱ्या मदतनीस ताईंकडून हाका मारून घेतल्या, फरक नाही. साबणाचे फुगे उडवले. फुग्यांकडे बघतो, 'बघ ना' म्हणून माझ्याकडे वळत नाही. ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता चाचपणारी एम-चॅट ही प्रश्नावली मिळाली, पण ती १६ ते ३० महिन्यांसाठी.

आई घाबरलेली आहे, म्हणून 'ऑटिझम' हा शब्द मी काढलेला नाही, ते ठरवणं माझं कामही नाही. अंगणवाडीत मुलांना तपासायला येणारं सरकारी बालस्वास्थ्य पथक आलं की त्यांना दाखवणारच आहे. तोवर खेळताना, बावीस मुलं सांभाळत, तीन वर्षांपुढच्या मुलाच्या नेमक्या कोणत्या गोष्टी आणि किती दिवस टिपून ठेवू, म्हणजे डॉक्टरांना उपयोग होईल?