विषय: ‘पन्नास टक्के स्कॉलरशिप’, पण कशाचे?

नमस्कार मंडळी,
हायस्कूलच्या सीनियर इयरच्या (शेवटच्या वर्षाच्या) मुलांना अमेरिकेतल्या कॉलेजांच्या टेनिस-संघांकडून ऑफर यायला लागल्यात. कोच फोनवर ‘पन्नास टक्के’ म्हणतात. त्यात काय भागतं आणि काय अंगावर पडतं? जाणकारांनी लिहावं.
म. द.

---

दकाका,
आधी विचारा, कशाचे पन्नास टक्के? समजा ट्यूशन-फी ४०,०००, राहणं-जेवण १५,०००, पुस्तकं १,०००, प्रवास-किरकोळ ४,०००. एकूण ६०,००० डॉलर. ट्यूशनचे निम्मे २०,०००, एकूण खर्चाचे निम्मे ३०,०००. चार वर्षांत ४०,००० चा फरक, आणि फोनवर दोन्हीला शब्द एकच! तोंडी आकडा धरून चालू नका, फायनान्शियल एड अ‍ॅग्रीमेंट हातात घ्या. त्यात रक्कम ठोक डॉलरमध्ये असेल तर दरवर्षीची ट्यूशनवाढ तुमच्या खिशातून जाते. टक्क्यांत असेल तर मदतही वाढते. करार एका वर्षाचा की चारचा, तेही बघा.

डिव्हिजन थ्री (कॉलेज-खेळांची तिसरी पातळी) आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) खेळाची स्कॉलरशिप नसतेच. तिथला कोच ‘पॅकेज’ म्हणाला तर ती मदत वेगळ्या खात्यातली.
सु. जो.

---

सुताई, एक भर. डिव्हिजन वनमध्ये (सर्वात वरची पातळी) पुरुष टेनिसच्या अख्ख्या संघाला मिळून ४.५ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती, म्हणून असे तुकडे पडायचे. ‘हाउस’ खटल्याच्या (खेळाडूंनी कॉलेज-खेळांच्या संघटनेवर भरलेला) समझोत्यानंतर, तो स्वीकारलेल्या कॉलेजांत २०२५-२६ पासून ती मर्यादा गेली. आता संघात जास्तीत जास्त १० खेळाडू, आणि दहाही जणांना पूर्ण देता येते. देता येते, द्यावीच लागते असं नाही. बजेट तेवढंच राहिलं तर तुकडे तसेच.

आणि ‘फुल राइड’, म्हणजे पूर्ण स्कॉलरशिप, तरी कुठे फुल? २०१५ पर्यंत तर तिच्यात प्रवास-किरकोळ खर्चही धरत नसत. आज खरी मेख घरभाड्यात आहे. कॅम्पसबाहेर राहिलं की राहण्याचे पैसे हातात मिळतात, पण ते दोन सेमिस्टरचे, साधारण नऊ महिन्यांचे. घराचं लीज बारा महिन्यांचं. समर एड (उन्हाळ्याच्या महिन्यांची मदत) वेगळी लिहून घेतली नसेल तर तीन महिन्यांचं भाडं घरून. पार्टटाइम नोकरी करून भागवावं म्हटलं, तर सीझनमध्ये सरावाची मर्यादा आठवड्याला २० तास, आणि सामन्यांचा प्रवास त्यात मोजत नाहीत. हे मला न्याय्य वाटत नाही.
अ. भि.

---

पुण्या-मुंबईहून एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर येणाऱ्या मुलांसाठी टॅक्सचं लिहिते. ट्यूशन, फी आणि सक्तीची पुस्तकं करमुक्त. राहण्या-जेवण्याची स्कॉलरशिप करपात्र. कॉलेज त्यावर १४ टक्के कापतं: वरच्या हिशोबात फुल राइड असेल तर राहण्या-जेवणाच्या १५,००० वर २,१०० डॉलर. पैसे हातात न देता थेट डॉर्मला वळते होत असतील तर हे २,१०० विद्यार्थ्याच्या खात्यावर बाकी म्हणून चढतात, आणि ती बाकी थकली की पुढच्या सेमिस्टरच्या नावनोंदणीला होल्ड लागू शकतो.

घाबरू नका. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (करपात्र उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळतं, २०२५ साठी १५,७५० डॉलर. करपात्र रक्कम त्याच्या आत असेल आणि दुसरी कमाई नसेल तर कापलेले सगळे परत. मात्र रिटर्न १०४०-एनआर (अनिवासींचा फॉर्म) वरच भरायचा, सोबत कॉलेजकडून येणारा १०४२-एस (करपात्र स्कॉलरशिप आणि कापलेल्या कराचा दाखला). नेहमीचं टॅक्स सॉफ्टवेअर साधा १०४० (रहिवाशांचा फॉर्म) भरून टाकतं, आणि तिथेच घोळ होतो.
रे. पा.